एका चुकीने वर्ष वाया जाऊ नये

विद्यापीठीय परीक्षांचा हंगाम आला की राज्यातील लाखो कुटुंबांचे लक्ष एका वेळापत्रकाकडे लागलेले असते. ग्रामीण भागातील पुष्कळ घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. अशा घरातील विद्यार्थ्याच्या हातून परीक्षेत एखादी चूक झाली, म्हणजे प्रश्नपत्रिकेची मागची बाजू पाहावयाची राहून गेली, सकाळचा पेपर दुपारचा समजला गेला किंवा उत्तरपत्रिकेवर भलताच आसन क्रमांक पडला, तर पुढे काय करावयाचे हे सांगणारे माणूस घरात नसते. त्यामुळे नुकसान दोन प्रकारचे होते. एक, मूळ चुकीमुळे होणारे. आणि दुसरे, त्या चुकीने गोंधळून जाऊन पुढे जे केले जाते किंवा करावयाचे राहून जाते, त्यामुळे होणारे. अनुभव असा की, दुसरे नुकसान पुष्कळदा पहिल्याहून मोठे असते आणि तेच बहुतांशी टाळता येण्याजोगे असते. शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्याकडे गावातील पालक सल्ल्यासाठी येतात. म्हणून या विषयाची नियमबद्ध माहिती त्यांच्यापाशी असणे इष्ट आहे.

चुकांचे तीन प्रकार

परीक्षेतील चुकांची वर्गवारी केल्यास तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार विद्यार्थ्याच्या अनवधानाचा. परीक्षा अर्ज मुदतीत न भरणे, अर्जात चुकीचा विषय निवडणे, केंद्रावर उशिरा पोहोचणे, प्रश्नावरील सूचना नीट न वाचता नको तो पर्याय सोडविणे, पुरवणी बांधावयाची राहणे, हे सर्व या प्रकारात मोडते. दुसरा प्रकार यंत्रणेच्या हातून होणाऱ्या चुकांचा. प्रश्नपत्रिका दुसऱ्याच अभ्यासक्रमाची दिली जाणे, हजेरीपत्रकात नाव नसणे, एखादे उत्तर तपासावयाचे राहणे, गुणांची बेरीज चुकणे किंवा हजर असलेला विद्यार्थी गैरहजर दाखविला जाणे, अशी त्याची उदाहरणे देता येतील. तिसरा प्रकार नियमभंगाचा. यात हेतुपुरस्सर केलेल्या गैरप्रकाराबरोबरच, खिशात विसरून राहिलेला भ्रमणध्वनी किंवा कंपासपेटीत राहिलेला टिपणाचा कागद यांसारख्या गोष्टीही येतात.

या तिन्ही प्रकारांवरील उपाय भिन्न आहेत. म्हणून चूक लक्षात आल्यावर पहिला प्रश्न ‘दोष कोणाचा?’ असा न विचारता ‘ही चूक कोणत्या प्रकारची आणि तिच्यासाठी कोणत्या अधिकाऱ्याकडे, किती मुदतीत जावयाचे?’ असा विचारणे उपयुक्त ठरते.

परीक्षागृहातच लक्षात आल्यास

परीक्षा चालू असतानाच चूक ध्यानात आली, तर ती त्याच वेळी दुरुस्त होण्याची शक्यता सर्वाधिक असते. आसन क्रमांक चुकीचा लिहिला गेल्यास गिरवागिरव न करता कनिष्ठ पर्यवेक्षकास सांगावे आणि त्यांच्या देखत, त्यांच्या सूचनेनुसार दुरुस्ती करून घ्यावी. उत्तरपत्रिकेवरील सांकेतिक पट्टीवर काही लिहू अथवा खोडू नये. प्रश्नपत्रिका हाती पडताच अभ्यासक्रमाचे नाव, विषयाचा संकेतांक, सत्र आणि पानांची संख्या ही चार गोष्टी पडताळून पाहण्याची सवय लावल्यास चुकीच्या प्रश्नपत्रिकेचा प्रसंग पहिल्या पाच मिनिटांतच उघड होतो. तसे झाल्यास ती सोडवीत न बसता तत्काळ पर्यवेक्षकामार्फत वरिष्ठ पर्यवेक्षकास कळवावे.

उत्तराला चुकीचा प्रश्नक्रमांक पडला असल्यास तो स्पष्टपणे छेदून योग्य क्रमांक लिहावा. शेवटच्या पंधरा मिनिटांत एखादा संपूर्ण प्रश्न राहून गेल्याचे आढळले, तर वेळेअभावी तो सोडून न देता मुद्दे, सूत्र, आकृती किंवा गणिताच्या पायऱ्या लिहाव्यात. पायऱ्यांना स्वतंत्र गुण असतात आणि कोऱ्या जागेला परीक्षक गुण देऊ शकत नाही. मात्र परीक्षकास उद्देशून विनंती लिहिणे, स्वतःची ओळख पटेल अशी खूण करणे किंवा उत्तरपत्रिकेत नोट ठेवणे हे गैरप्रकार समजले जातात. एका साध्या चुकीचे रूपांतर अशा कृतीने गंभीर प्रकरणात होते, याची जाणीव विद्यार्थ्यांना आधीच करून दिली पाहिजे.

केंद्रावर पोहोचण्यास उशीर झाला, तरी वाटेतून परत फिरू नये. किती मिनिटांपर्यंत प्रवेश द्यावयाचा याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असले, तरी निर्णय केंद्रावरील वरिष्ठ पर्यवेक्षक घेतात, आणि त्यांच्यासमोर उभे राहिल्याशिवाय तो अनुकूल होऊ शकत नाही. एस. टी. बंद पडणे, नाल्याला पूर येणे, अपघात होणे अशी कारणे असल्यास त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आजारपणाच्या बाबतीत वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला त्याच तारखेचा असावा. पुढे कोणताही विचार व्हावयाचा तर तो या कागदांच्या आधारेच होतो.

नुकसानीचा हिशेब

चूक झाल्यावर विद्यार्थ्याच्या मनात नुकसानीचा जो आकडा उभा राहतो, तो बहुधा प्रत्यक्षाहून पुष्कळ मोठा असतो. एक उदाहरण घेऊ. लेखी परीक्षा ६० गुणांची असून उत्तीर्ण होण्यास ४० टक्के, म्हणजे २४ गुण आवश्यक आहेत. एका विद्यार्थिनीने मागच्या पानावरील १५ गुणांचा प्रश्न पाहिलाच नाही. घरी आल्यावर ती ‘नापास झाले’ असे म्हणून रडू लागते. आता ती सर्वसाधारणपणे लिहिलेल्या उत्तरांच्या दोन तृतीयांश गुण मिळविते असे धरू. उरलेल्या ४५ गुणांच्या प्रश्नांत तिला ३० गुण मिळतील, म्हणजे ती उत्तीर्णच होते. तो प्रश्न सोडविला असता तर ४० गुण मिळाले असते. याचा अर्थ नुकसान १० गुणांचे झाले. सत्रातील पाच विषयांचे एकूण ५०० गुण धरले, तर हे नुकसान २ टक्क्यांचे भरते.

दोन टक्के ही काही नगण्य गोष्ट नव्हे. पदव्युत्तर प्रवेशाची यादी एका टक्क्यावरही अडते. परंतु या दुःखात ती पुढील दोन विषयांच्या अभ्यासास बसलीच नाही, तर तिथे जाणारे गुण दहाच्या घरात राहणार नाहीत. कदाचित ते विषयच जातील. म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्याला नुसता धीर न देता कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब त्याच्यासमोर मांडावा. आकड्यांनी जी समजूत पटते, ती ‘काळजी करू नकोस’ या शब्दांनी पटत नाही. हिशेबाअंती विषय खरोखरच जाणार असे दिसले, तरी हानी एका विषयापुरती आहे हे स्पष्ट होते आणि उरलेले विषय सांभाळणे हे तातडीचे काम ठरते. परीक्षागृहाच्या दाराशी उत्तरे ताडून पाहण्याची प्रथा या दृष्टीने अपायकारक आहे. संपूर्ण परीक्षा संपेपर्यंत झालेली प्रश्नपत्रिका बाजूला ठेवणे, वेळेवर जेवणे आणि पुरेशी झोप घेणे हा चूक झालेल्या विद्यार्थ्यासाठी उत्तम उपचार होय.

निकालानंतरचे मार्ग

यंत्रणेच्या हातून झालेल्या चुका निकालानंतर उघडकीस येतात. त्यांच्यासाठी सामान्यतः तीन मार्ग उपलब्ध असतात. गुणपडताळणीत सर्व उत्तरे तपासली गेली आहेत की नाहीत आणि बेरीज बरोबर आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागविल्यास मूल्यांकन कसे झाले हे विद्यार्थ्याला स्वतः पाहता येते. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक उत्तरपत्रिका पुन्हा तपासतो. प्रत मागवून, ती विषयाच्या प्राध्यापकांना दाखवून, मगच पुनर्मूल्यांकनाचा निर्णय घेणे शहाणपणाचे ठरते. कारण त्यासाठी शुल्क पडते आणि गुण वाढतीलच असे नाही. या अर्जांची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांत संपते. ती हुकणे ही परीक्षेनंतर होणारी सर्वांत सामान्य आणि महाग चूक आहे.

हे हक्क एकाएकी मिळालेले नाहीत. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एका प्रकरणात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नियमात तरतूद नसताना उत्तरपत्रिका पाहण्याचा किंवा ती फेरतपासून घेण्याचा हक्क परीक्षार्थ्यास नाही, असा निर्णय दिला होता. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अमलात आल्यानंतर ही स्थिती बदलली. २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ असून परीक्षार्थ्यास ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा अधिकार आहे, असे ठरविले. परीक्षकाची ओळख मात्र गोपनीय राहते. पुनर्मूल्यांकन हे आजही त्या त्या विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये प्रत्येक विद्यापीठात परीक्षा व मूल्यमापन मंडळ असते. परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल जाहीर करण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांची मर्यादा ओलांडू नये, असे हा अधिनियम सांगतो. व्यवहारात विलंब होतोच. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत घाईने सर्वत्र लागू केली, तेव्हा निकाल कित्येक महिने रखडले आणि पुढील प्रवेशाच्या तारखा गाठताना विद्यार्थ्यांची ओढाताण झाली. चुका केवळ विद्यार्थ्यांच्याच हातून होतात असे नाही, हे त्या वर्षी सर्वांच्या निदर्शनास आले.

दाद मागण्यासाठी महाविद्यालयात व विद्यापीठात तक्रार निवारणाची व्यवस्था आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यावयाचा असतो, आणि त्याने समाधान न झाल्यास लोकपालाकडे अपील करता येते. तथापि, केवळ गुण कमी वाटतात एवढ्या कारणावरून लोकपाल दखल घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभाव दाखवून द्यावा लागतो.

विषय राहिलाच, तर

सर्व उपाय करूनही विषय राहिला, तरी वर्ष गेलेच असे नव्हे. विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘एटीकेटी’ या नावाने रुळलेल्या सवलतीनुसार, ठरावीक मर्यादेपर्यंत विषय राहिले असताना पुढील वर्गात प्रवेश मिळतो आणि राहिलेले विषय नंतरच्या परीक्षेत सोडविता येतात. काही थोड्या गुणांनी विषय जात असल्यास विद्यापीठाच्या अध्यादेशातील मर्यादेत वाढीव गुणही मिळू शकतात. श्रेयांक पद्धतीत उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या खाती जमा राहतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेमुळे ते दुसऱ्या संस्थेतही नेता येतात. नियमित शिक्षण सोडावेच लागले, तर १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग खुला आहे. शिष्यवृत्ती आणि शासकीय वसतिगृहातील जागा यांच्यावर अनुत्तीर्ण होण्याचा परिणाम काय होतो, याची चौकशी मात्र लगेच समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या कार्यालयात करावी. ऐकीव माहितीवर विसंबून गावी परत जाणे योग्य नव्हे.

चूक आणि गैरप्रकार

तिसऱ्या प्रकारच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. प्रश्नपत्रिका फोडणे व परीक्षार्थ्यास गैरमार्गाने साहाय्य करणे यांना आळा घालण्यासाठी राज्याने १९८२ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. विद्यार्थ्याविरुद्धच्या तक्रारींची चौकशी विद्यापीठाची समिती करते. त्या विषयातील कामगिरी रद्द होण्यापासून पुढील परीक्षांना बसण्यास मनाई होण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. नजरचुकीने भ्रमणध्वनी किंवा कागद जवळ राहिल्याचे ध्यानात आल्यास, तपासणीची वाट न पाहता तो स्वतःहून पर्यवेक्षकाच्या स्वाधीन करावा. प्रकरण नोंदले गेल्यास घाबरून न वाचता सही करू नये. जे घडले तेच स्वतःच्या शब्दांत लिहावे. चौकशीच्या तारखेस हजर राहणे अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण आपले म्हणणे मांडण्याची संधी तेथेच मिळते. पालक पुष्कळदा लाजेखातर हे पत्र दडवून ठेवतात आणि निर्णय विद्यार्थ्याच्या गैरहजेरीत होतो.

घर आणि मन

परीक्षेतील चुकीचा सर्वांत मोठा धोका गुणपत्रिकेत दिसत नाही. कर्ज काढून, दागिना गहाण ठेवून शिकविणाऱ्या आईबापांना तोंड कसे दाखवावे, या विचाराने काही विद्यार्थी घरी परतण्याचे टाळतात आणि काही जण जिवाचे बरेवाईट करून घेतात. मुलींच्या बाबतीत आणखी एक संकट असते. मुलगा अनुत्तीर्ण झाला तर तो पुन्हा परीक्षेला बसतो. मुलगी अनुत्तीर्ण झाली तर कित्येक घरांत तिचे शिक्षण थांबवून स्थळे पाहण्यास सुरुवात होते. एका पानाच्या चुकीची एवढी किंमत कोणत्याही मुलीला मोजावी लागू नये.

चूक सांगणाऱ्या मुलाला घरातून मिळणारे पहिले उत्तर फार महत्त्वाचे असते. ‘आता पुढे काय करावयाचे ते पाहू’ हे वाक्य ऐकलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशीही खरे सांगतो. रागाचे बोलणे ऐकलेला पुढची चूक लपवितो. सतत एकटे राहणे, जेवण व झोप सुटणे, निरवानिरवीची भाषा करणे ही लक्षणे दिसल्यास ती नाटके समजू नयेत. विद्यार्थ्याला एकटे सोडू नये, त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे आणि वैद्यकीय साहाय्य घ्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, असे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ सांगतो. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार लांबविण्याचे कारण नाही. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. त्याची अंमलबजावणी आपल्या परिसरातील महाविद्यालयात झाली आहे काय, याची विचारणा पंचायत सदस्यांना सहज करता येईल.

गावपातळीवर काय करता येईल

बहुसंख्य चुका परीक्षेच्या आधीच रोखता येतात आणि त्यास फारसा खर्च लागत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर परीक्षा अर्जाच्या अंतिम तारखा लावाव्यात. गावातील किती विद्यार्थ्यांचे केंद्र कोठे आहे याची यादी करून, परीक्षेच्या दिवसांत पहिली गाडी वेळेवर सुटावी यासाठी आगारप्रमुखांना आगाऊ पत्र द्यावे. पावसाळी किंवा दुर्गम भागातील विद्यार्थ्यांची केंद्राच्या गावी आदल्या रात्री राहण्याची सोय करता आली, तर उशिराचा प्रश्नच मिटतो. दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळण्याची तरतूद आहे. परंतु अर्ज वेळेत न केल्याने ती हातची जाते, हे शिक्षकांनी लक्षात आणून द्यावे. महाविद्यालयांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून कोऱ्या उत्तरपत्रिकेचे मुखपृष्ठ एकदा भरून घेतले, तरी आसन क्रमांकाच्या कितीतरी चुका टळतील.

दुसऱ्या संधीची परंपरा

विद्यापीठांच्या इतिहासात दुसऱ्या संधीची परंपरा जुनी आहे. कलकत्ता विद्यापीठाच्या १८५८ मधील पहिल्याच बी. ए. परीक्षेत बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बसू या दोघांना एका विषयात थोडे गुण कमी पडले होते. वाढीव गुण देऊन त्यांना पदवी देण्यात आली. श्रीनिवास रामानुजन यांनी गणिताच्या नादात अन्य विषयांकडे दुर्लक्ष केले. त्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली आणि मद्रास विद्यापीठाच्या एफ. ए. परीक्षेत १९०७ मध्येही ते अनुत्तीर्ण झाले. त्याच विद्यापीठाने १९१३ मध्ये, पदवी नसतानाही, त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. १९१८ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. प्रत्येक अनुत्तीर्ण विद्यार्थी रामानुजन नसतो, हे खरे. परंतु त्या संस्थेने आपल्या परीक्षेच्या निकालापलीकडे पाहिले नसते, तर रामानुजनही मागेच राहिले असते.

परीक्षेची शिस्त राहिलीच पाहिजे आणि चुकीचे गुणही जातीलच. मात्र ज्या चुकीची किंमत दहा गुण आहे, तिच्यासाठी विद्यार्थ्याने वर्ष, शिक्षण किंवा जीव गमावणे हे समाजाचे अपयश आहे. योग्य अर्ज, योग्य मुदत आणि वेळेवर मिळालेले समजुतीचे दोन शब्द एवढ्याने ते पुष्कळ प्रमाणात टळू शकते. निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात शाळा, महाविद्यालये आणि ग्रामपंचायती यांनी आपल्या कार्यालयात दिवसातून एक तास जरी या कामासाठी राखून ठेवला, तरी घरात सल्ला देणारे कोणी नसलेल्या विद्यार्थ्याला विचारण्यासाठी एक हक्काची जागा मिळेल.